ट्रंकेतला इटलीचा नकाशा आणि त्यावरची लाल रेषा

दापोली तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत इटलीचा एक छापील नकाशा घडी घातलेला सापडला. खाली तारांतो बंदरापासून निघून वर पो नदीपलीकडे जाणारी जाड लाल रेषा, तिच्या कडेने तारखा, कोपऱ्यात लाल जमिनीवर तीन पिवळी फुलं. मागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांनी पेन्सिलीने गावांची नावं आणि काही तारखा लिहिल्या आहेत. आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेले होते, यापलीकडे आता घरात कुणाला काही ठाऊक नाही. ते नेमके कुठेकुठे होते? ती रेषा म्हणजे त्यांचाच प्रवास का? आणि नकाशा लॅमिनेट करून ओटीवर लावावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. लॅमिनेट अजिबात करू नका. का ते खाली सांगते, पण तोवर कुणी हौसेने दुकानात घेऊन जाऊ नये.

आता रेषा. जुने नकाशे आणि फौजी कागद वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कोकणातल्या घरांतून असा नकाशा पुढ्यात आला की जवळजवळ प्रत्येक जण त्या रेषेवर बोट ठेवून म्हणतो, ‘आमचे आजोबा इथून इथे गेले.’ तसं नसतं. ती रेषा डिव्हिजनची आहे. युद्ध संपता संपता दोस्त राष्ट्रांच्या अनेक डिव्हिजनांनी आपल्या मोहिमेचे असे नकाशे आठवण म्हणून छापून घेतले आणि माणसांना वाटले. ते लढताना वापरायचे नकाशे नव्हेत. सगळं उरकल्यावर मागे वळून काढलेली ती वाट आहे, म्हणून ती इतकी सलग आणि स्वच्छ दिसते. डिव्हिजन म्हणजे १५ ते १७ हजार माणसं. तीन ब्रिगेड, प्रत्येकीत तीन पायदळ बटालियन, शिवाय तोफखाना, सॅपर, सिग्नल, मोटारी, खेचरं, दवाखाने. एवढा पसारा एका रेषेत मावत नाही. एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असं प्रमाण धरलं तर तीन मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर तीन किलोमीटर रुंद होते. तेवढ्या रुंदीत एक बटालियन पुलावर गोळे झेलत असेल आणि दुसरी मागच्या खोऱ्यात कपडे वाळवत असेल. नकाशावर दोघींची तारीख एकच.

म्हणून पहिलं काम म्हणजे रेषा कुणाची ते ठरवणं, आणि दुसरं म्हणजे त्या रेषेच्या आत आजोबांचा धागा शोधणं.

पहिलं सोपं आहे. लाल जमिनीवर तीन पिवळी फुलं ही आठव्या भारतीय डिव्हिजनची खूण. इटलीत तीन भारतीय पायदळ डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. चौथीची खूण लाल गरुड. खूण, तारांतोची सुरुवात आणि पो नदीकडचा शेवट हे सगळं आठवीशी जुळतं. ही डिव्हिजन १९४० मध्ये उभी राहिली. इटलीत आली सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस, तेव्हा तिचे प्रमुख मेजर जनरल डडली रसेल होते आणि युद्ध संपेपर्यंत तेच राहिले.

दुसरं काम सावकाश करायचं. आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची ‘१/५’ ही बटालियन होती, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन. ती २१व्या ब्रिगेडमध्ये होती. तिच्यासोबत त्याच ब्रिगेडमध्ये ३/१५ पंजाब आणि पाचवी रॉयल वेस्ट केंट. इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. याच डिव्हिजनच्या १७व्या ब्रिगेडमध्ये १/५ रॉयल गुरखा रायफल्स होती आणि १९व्या ब्रिगेडमध्ये १९४४ च्या सुरुवातीपर्यंत १/५ एसेक्स होती. एकाच डिव्हिजनमध्ये तीन ‘१/५’! कागदावर किंवा इंटरनेटवर नुसतं ‘१/५ ने अमुक गाव घेतलं’ असं दिसलं तर पुढचं नाव पाहिल्याशिवाय ते आजोबांच्या खात्यावर मांडू नका. मोझ्झाग्रोन्याची घरोघरची लढाई गुरख्यांच्या १७व्या ब्रिगेडची, व्हिल्ला ग्रांदेची एसेक्सवाल्यांची. दोन्ही गावं तुमच्या रेषेवर ठळक छापलेली असतील, पण ती मराठ्यांची नव्हेत.

आता नकाशा समोर पसरा आणि खालून वर चला.

तारांतोहून रेषा उत्तरेला जाते आणि एड्रियाटिक किनाऱ्याला लागते. हा भाग कोकणातल्या माणसाला जितका पटकन कळतो तितका घाटावरच्याला कळत नाही, असा माझा अनुभव आहे. दापोलीहून किनाऱ्या-किनाऱ्याने रत्नागिरीला निघालात तर दाभोळला वाशिष्ठी आडवी येते आणि जयगडला शास्त्री. डोंगरातून निघून थोडक्यात समुद्राला मिळणाऱ्या नद्या, आणि किनाऱ्याने चालणाऱ्याला प्रत्येक नदी ओलांडावीच लागते. इटलीचा तो किनारा असाच आहे, फक्त दिशा उलटी: एपेनाइन्स डोंगररांगेचा कणा पश्चिमेला, समुद्र पूर्वेला, आणि मधे एकामागून एक बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. दोन नद्यांमधे उंच धार, धारेवर दगडी गाव, गावात जर्मन मशीनगन. पूल उडवलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस लागला की सांग्रोला पूर यायचा आणि बांधलेले पूल वाहून जायचे. नकाशावर या नद्यांपाशी छापलेल्या तारखा मोजून पाहा. त्रिन्यो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सांग्रो नोव्हेंबरच्या शेवटी, मोरो डिसेंबरमध्ये. काही इंचांच्या रेषेला तीन महिने लागलेत. रेषेची लांबी आणि तारखांतलं अंतर यांचा हा हिशोब करणं हेच अशा नकाशाचं खरं वाचन. जिथे लांबी कमी आणि दिवस जास्त, तिथे माणसं पडलेली असतात. सांग्रोकाठच्या युद्ध स्मशानभूमीत ज्यांच्यावर अग्निसंस्कार झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. आजोबांच्या पेन्सिलीच्या यादीत त्या हिवाळ्यातलं गाव असेल तर ते कुणाच्या शेजारी झोपले आणि कुणाला सोडून पुढे गेले, हे तिथल्या नावांवरून थोडं तरी कळू शकतं.

मोरोच्या पुढे रेषा एकदम डावीकडे वळते, डोंगर ओलांडून कॅसिनो गावाकडे. हा १९४४ चा वसंत. एड्रियाटिकवरून सैन्य गुपचूप पश्चिमेला आणलं गेलं, कारण मे महिन्यात रोमचा रस्ता उघडायचा होता.

इथे थांबून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण कोकणातल्या घराघरांत ‘आमचे आजोबा कॅसिनोला होते’ हे वाक्य ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कॅसिनो नकाशावर एक ठिपका असला तरी तिथे वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी माणसं लढली. डोंगरावरच्या मठासाठी फेब्रुवारी-मार्च १९४४ मध्ये लढली ती चौथी भारतीय डिव्हिजन. १५ फेब्रुवारीला मठावर बॉम्बहल्ला झाला, तो या काळातला. आठवी डिव्हिजन तेव्हा अजून एड्रियाटिकच्या बाजूला चिखलात होती. ती कॅसिनोला लढली मे महिन्यात, आणि डोंगरावर नव्हे तर खाली नदीवर. ११ मेच्या रात्री तिने सांत आंजेलो गावापाशी गारी नदी ओलांडली. बऱ्याच लष्करी नकाशांवर ती रापिदो म्हणून छापलेली असते, तेव्हा दोन्ही नावं शोधा. १२ मेला तिथेच ३/८ पंजाबच्या शिपाई कमल रामने व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. १३ तारखेला सांत आंजेलो पडलं.

दुसरी गोष्ट अशी की ११ मेच्या रात्री नदीत उतरल्या त्या १७ आणि १९ या ब्रिगेड. २१वी, म्हणजे मराठ्यांची, राखीव होती. ती नंतर पुढे काढली गेली. म्हणजे रेषा म्हणते ‘११ मे, गारी पार’, आणि तुमचे आजोबा १/५ मराठामध्ये असतील तर त्या रात्री ते बहुधा अलीकडच्या काठावर तोफांचा आवाज ऐकत आपल्या हुकमाची वाट पाहत होते. यात कमीपणा काही नाही. राखीव ब्रिगेडला दुसऱ्यांनी उघडलेल्या तोंडातून आत शिरून पुढची झुंज द्यावी लागते, आणि शत्रू तेव्हा जागा झालेला असतो. पण नातवंडांना सांगताना खरी रात्र सांगावी. ती पुरेशी मोठी आहे.

कॅसिनोनंतर रेषा पळते. रोमच्या पूर्वेने वर, थेट उंब्रियात, असिसी-पेरुजाच्या परिसरात. काही आठवड्यांत तिने मोठं अंतर कापलं. इथे तुमच्या नकाशावर काही दिसणार नाही, पण कोकणासाठी महत्त्वाची गोष्ट घडली. जूनच्या अखेरीस तिबर खोऱ्यात आठव्या डिव्हिजनची जागा दहाव्या भारतीय डिव्हिजनने घेतली. दहावीत ३/५ मराठा होती. १० जुलै १९४४ रोजी याच वरच्या तिबर खोऱ्यात ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येक जण पडला किंवा जखमी झाला. ते एकटे चालून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद केली, एकाला गोळी घातली, बंदुकीत गोळी भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. वय २२. त्यांचं शव सापडलं नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ते आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीत मोंतोने इथे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावला पाच मिनिटं उतरा, मुलांना घेऊन उतरा.

ही गोष्ट मी नुसत्या अभिमानापोटी सांगत नाही. आजोबा ‘मराठा पलटणीत’ होते एवढंच घरात माहीत आहे. इटलीत मराठ्यांची एकच बटालियन नव्हती. एकाच वाडीतला एक जण १/५ मध्ये आणि दुसरा ३/५ मध्ये असं सहज घडे, आणि दोघांच्या रेषा वेगळ्या. ३/५ तर त्याआधी पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर एरिट्रियात होती आणि मार्च १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरावर लढली. बटालियन डिव्हिजन बदलते. माणूसही बटालियन बदलतो: जखमी झाला, दवाखान्यात गेला, बरा होऊन भरती छावणीत आला की गरज असेल तिकडे धाडला जाई. शिवाय ट्रंकेत नकाशा सापडला म्हणजे माणूस त्याच डिव्हिजनचा होता, असंही नाही. मित्राने दिला असेल, बोटीवर मिळाला असेल. मराठ्यांची चौथी बटालियन तर या काळात ब्रह्मदेशाच्या सीमेवर होती, मार्च १९४४ मध्ये सांगशाकला लढत. आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कितीतरी मुलं फौजेत नव्हे, रॉयल इंडियन नेव्हीत होती. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा ‘जमना’ आणि ‘सतलज’ ही आपली जहाजं हजर होती. त्या मुलांनीही घरी येऊन ‘इटलीला गेलो होतो’ असंच सांगितलं.

रेषेचा उरलेला भाग झटपट पाहू. उन्हाळ्यात ती तोस्काना प्रांतात, आर्नो नदी आणि फ्लॉरेन्सकडे जाते. त्या दिवसांत फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनीच्या गढीत आठव्या डिव्हिजनचे जवान पोचले आणि त्यांना तिथे उफिझी संग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रं भिंतींना टेकवून ठेवलेली दिसली. पहारे बसवले गेले आणि चित्रं वाचली. पुढे शरद ऋतूत गॉथिक फळी या जर्मन बचावरेषेचे डोंगर. तिथे परत लांबी कमी, दिवस जास्त. डिसेंबर १९४४ च्या अखेरीस रेषा विनाकारण पश्चिमेला उडी मारते असं वाटेल. ती छपाईची चूक नाही. सेर्किओ नदीच्या खोऱ्यात अमेरिकनांच्या ९२व्या डिव्हिजनवर नाताळच्या सुमारास जर्मनांचा हल्ला झाला आणि आठवीच्या ब्रिगेडना घाईने मदतीला धाडलं गेलं.

शेवटची मोठी तारीख ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. ही तारीख मराठ्यांची आहे. त्या दिवशी १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पूरबांध चढताना कंपनी कमांडर आणि बरोबरची माणसं जखमी झाली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, हात जायबंदी झालेला असताना. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत साथीदारांना हाताने खुणावून पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि हा माणूस जिवंत घरी परतला. ते नगर जिल्ह्यातले. आजोबा त्या दिवशी १/५ मध्ये हजर होते असं निघालं, तर हीच त्यांची नदी आणि हाच त्यांचा बांध, आणि इथे लाल रेषा आणि त्यांचा धागा खरोखर एकमेकांवर पडतात. पुढे सांतेर्नो, पो, आदिजे, आणि २ मे रोजी इटलीतली लढाई थांबली.

नकाशात नसलेलंही लक्षात ठेवा. तारांतो ही इटलीची सुरुवात, आजोबांच्या नोकरीची नव्हे. आठवी डिव्हिजन १९४१ पासून इराकमध्ये होती. त्या ऑगस्टमध्ये तिचे लोक शट्ट अल-अरब नदी ओलांडून इराणात, अबादान-खुर्रमशहरला उतरले. मग परत इराक, सिरिया. ही दोन वर्षं इटलीच्या नकाशावर येत नाहीत, आणि घरातल्या आठवणींत मात्र हमखास डोकावतात: बसरा, खजूर, वाळूची वादळं. घरात कुणी म्हातारं माणूस ‘आजोबा बसऱ्याला होते’ म्हणालं, तर ‘नाही, इटलीला होते’ असं त्यांना तोडू नका. दोन्ही खरं असू शकतं. मात्र बसऱ्याची आठवण पणजोबांची असेल तर गोष्ट पहिल्या महायुद्धाची, सहाव्या पुणे डिव्हिजनची आणि इराकमधल्या कुतच्या वेढ्याची, आणि तो नकाशाच वेगळा.

आता धागा कसा शोधायचा.

सर्वांत आधी ट्रंक पूर्ण उपसा, पण काही फेकू नका. डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शन बुक असेल तर त्यावर फौजी नंबर, हुद्दा आणि पलटण मिळेल. हा नंबर सापडला की अर्धं काम झालं, कारण एकाच नावाची अनेक माणसं असतात आणि आडनावं कारकुनाने जशी ऐकली तशी इंग्रजीत लिहिलेली असतात. पदकं असतील तर फितीचे रंग पाहा. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल ही इटली स्टारची फीत. ती असेल तर इटली जवळजवळ नक्की. मधे लाल पट्टा आणि दोन्हीकडे निळा व नारिंगी असेल तर बर्मा स्टार, मग सगळा तपास पूर्वेकडे वळवा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर ते असेलच असं नाही, त्यामुळे कड कोरी दिसली म्हणून निराश होऊ नका. आणि पदकं चिंचेने घासून चकचकीत करू नका.

पत्रं किंवा नुसती पाकिटं मिळाली तर सोनं मिळालं. जवानाला गावाचं नाव लिहायची मनाई होती, सेन्सॉर ते खोडत असे, पण पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारखेचा शिक्का असतो. तारीख घेऊन लाल रेषेवर जा, त्या आठवड्यात डिव्हिजन कुठे होती ते पाहा. तारीख पुसली असेल तर मजकूर वाचा. आपल्या माणसांनी तारखेपेक्षा सणाच्या खुणेने जास्त लिहिलं आहे: ‘शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘गौरी-गणपतीत तुमची आठवण आली’. त्या वर्षाचं जुनं पंचांग काढलं की इंग्रजी तारीख हाती येते. १९४४ चा शिमगा मार्चमधला, म्हणजे डिव्हिजन अजून एड्रियाटिकच्या बाजूला आणि कॅसिनोला निघायची. पत्रात बर्फाचा उल्लेख असेल तर आणखीच जुळलं.

तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र छापील बाजूला नाही, ती मागची पेन्सिल आहे. छापील रेषा हजारो प्रतींवर एकसारखी आहे. ती यादी जगात एकच. गावांची नावं आजोबांनी कानाने ऐकून लिहिली असणार, तेव्हा ती मोठ्याने वाचा आणि नकाशावर रेषेच्या दोन्ही बाजूंना, बोटभर अंतरात शोधा. लांचानो, कास्तेल, फोर्ली अशी नावं थोडी वाकडी होऊन देवनागरीत येतात, पण आवाज टिकतो. अक्षर लागत नसेल तर मोडी असू शकतं. त्या पिढीतल्या पुष्कळांचा हात मोडीवर बसलेला होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यात मोडी वाचणारे अजून भेटतात. यादीतली गावं रेषेपासून खूप मागे, तीस-चाळीस किलोमीटरवर पडत असतील तर आजोबा बहुधा मोटार, रसद, खेचरांची कंपनी किंवा दवाखाना अशा कामावर असतील. रेषेच्या टोकाला पडत असतील तर रायफल कंपनी.

इतकं हाती आल्यावर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. फौजी नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, भरती झाल्याची आणि फौजेतून सुटल्याची अंदाजे वर्षं, आणि तुमचं नातं सिद्ध करणारा कागद जोडा. गावाचा जुना जिल्हा लिहा: आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. बटालियन पक्की झाली की तिच्या युद्ध-रोजनिशा पाहायच्या. त्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. बटालियन रोज कुठे होती, किती पडले, पाऊस होता की नाही, हे त्यात दिवसावार मिळतं. मात्र त्यात अधिकाऱ्यांची आणि सुभेदार-जमादारांची नावं येतात, साध्या शिपायाचं क्वचितच. म्हणून आजोबांची कंपनी कुठली हे कळलं तर फार उपयोग होतो. जुन्या ग्रुप फोटोंच्या खाली ते कधीकधी लिहिलेलं असतं.

आता नकाशा सांभाळण्याबद्दल. युद्धकाळातला कागद मुळात कमअस्सल. लाकडाच्या लगद्याचा, आपोआप पिवळा आणि ठिसूळ होणारा. लॅमिनेशनमध्ये तो गरम प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो. आत अडकलेली ओल आणि आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि पुढे कुणालाही तो सोडवता येत नाही. शिवाय त्या काळी फौजेत कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. ती कोरडी असताना करडी दिसते आणि ओलावा लागला की जांभळी होऊन पसरते. आजोबांची यादी त्या पेन्सिलीने लिहिलेली असेल तर ओल्या फडक्याचा एक हात फिरला की ती गेली. म्हणून घड्या मोडायला पाणी शिंपडू नका, इस्त्री फिरवू नका, फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो.

पावसाळा लागण्याआधी, कोरड्या दिवशी, स्वच्छ चादरीवर नकाशा हळूच उलगडा. घडी अडली तर जोर लावू नका. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, शेजारी एक पट्टी ठेवून. पेन्सिलीच्या बाजूचे आणखी काही फोटो संध्याकाळी एका कडेने बॅटरीचा तिरपा उजेड टाकून घ्या. पुसट अक्षरांचे दाब त्यात वर येतात. मग शक्य तितका सपाट करून, आम्लरहित कागदाच्या मधे ठेवून, पुठ्ठ्याच्या सपाट खोक्यात घाला. असा कागद मिळेपर्यंत धुतलेलं, खळ काढलेलं मऊ सुती कापड चालेल. पत्र्याच्या ट्रंकेत परत नको. आषाढात पत्र्याला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. खोकं भिंतीला लागून किंवा जमिनीवर नको, वाळवी भिंतीतून येते. माजघरातल्या लाकडी कपाटाचा मधला कप्पा बरा. कडुनिंबाची पानं किंवा डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका, दोन्हींचे डाग पडतात. श्रावणात एखादा कोरडा दिवस मिळाला की खोकं उघडून कसर लागली नाही ना ते पाहा. घड्यांवर तुकडे सुटायला लागले असतील तर घरी काही करण्यापेक्षा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा.

ओटीवर लावायला त्या फोटोची मोठी छापील प्रत काढा. तिच्यावर हवं ते करा: छापील लाल रेषा तशीच राहू द्या आणि पेन्सिलीच्या यादीतली गावं टाचण्यांनी टोचून त्यांना दोरा जोडा. जे गाव रोजनिशीशी किंवा पाकिटाच्या तारखेशी जुळलं त्याला निळी टाचणी, जे नुसतं घरच्या आठवणीतलं आहे त्याला पांढरी. पांढऱ्या टाचण्या काढून टाकू नका, एकेक तपासत चला. मला पुढचं सांगायचं असेल तर मागच्या बाजूचे फोटो आणि डिस्चार्जच्या कागदाची पहिली दोन पानं आधी पाठवा. छापील बाजू नंतर पाहिली तरी चालेल.